वेशीपर्यंत आलेली तार

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शेवटची तार करायला शहरांतल्या तारघरांपुढे रांगा लागल्या आणि वृत्तपत्रांनी हळवे लेख छापले. त्याच सुमारास देशातल्या खेड्यांच्या दिशेने दुसऱ्या एका तारेसाठी चर खणले जात होते, त्याची मात्र शहरी वाचकाने फारशी दखल घेतली नाही. ही तार काचेची, केसाइतक्या बारीक धाग्यांची होती. ती अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत न्यायची, असा सरकारचा संकल्प होता. या योजनेचे पहिले नाव ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’. पुढे तिचे ‘भारतनेट’ झाले.

या लेखात मला एका साध्या प्रश्नाचा माग काढायचा आहे. ‘गाव जोडले गेले’ असे सरकारी कागद जेव्हा सांगतो, तेव्हा तार नेमकी कुठे येऊन थांबलेली असते? आणि तिथून पुढचे अंतर कोण चालतो?

इंग्रजी अमदानीतल्या तारेबाबत याचे उत्तर सोपे होते. १८५१ साली कोलकाता ते डायमंड हार्बर अशी तार सुरू झाली ती राज्यकारभार आणि जहाजांच्या सोयीसाठी. पुढे ती लोकांना खुली झाली, तरी बहुतेक खेड्यांसाठी ती बाजारपेठेच्या किंवा तालुक्याच्या गावी थांबे. तिथून माणूस कागद घेऊन पायी किंवा सायकलने निघे. खेड्यात ‘तार आली’ म्हटले की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई, कारण एवढा खर्च आणि एवढी यातायात कोणी सुवार्तेसाठी सहसा करत नसे.

स्वातंत्र्यानंतरही टेलिफोन दीर्घकाळ शहराचाच राहिला. त्याला वळण मिळाले ते १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली तेव्हा. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यासाठी एक छोटे एक्स्चेंज घडवले. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागे. हे यंत्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीतही चाले. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसले. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचे युग यानंतरचे. त्या युगाने एक धडा दिला, तो पुढच्या योजनांनी विसरायला नको होता. यंत्र सरकारने दिले, पण बूथ चालला तो त्यावर पोट असलेल्या माणसामुळे. फोन बिघडला तर त्याचा दिवस बुडे, म्हणून तो लाइनमनच्या मागे लागे.

१९९४ च्या दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व खेड्यांत टेलिफोन नेण्याचे ठरवले. १९९९ च्या नव्या धोरणात तेच उद्दिष्ट २००२ वर गेले. त्या वेळी ग्रामीण भागात शंभर माणसांमागे अर्धा टेलिफोनही नव्हता, असे हेच धोरण नोंदवते. खासगी कंपन्या खेड्याकडे वळत नव्हत्या, कारण तिथे खर्च जास्त आणि मिळकत कमी. त्यावर उपाय म्हणून १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी अमलात आला आणि २००३ च्या कायदादुरुस्तीने त्याला वैधानिक आधार मिळाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के या निधीसाठी घ्यायचे ठरले. शहरातल्या ग्राहकाच्या बिलातून खेड्याची तार ओढायची, असा हा हिशेब होता. भारतनेटचा पैसाही मुख्यतः याच निधीतला.

भारतनेटच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने एक प्रयोग करून पाहिला होता. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला वारणेचा सहकारी समूह, असे तिघे त्यात होते. शेतकऱ्याला गावातच संगणकावर बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना मिळतील, अशी कल्पना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन शाखेतल्या अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा संगणक मुख्यतः उसाच्या कामाला लागलेले होते: तोडणीची परवानगी, उसाचे वजन, खताची नोंद. एवढ्यासाठी संगणकाची गरज नाही, हे ओळखून त्यांनी काही गावांत तीच माहिती मोबाइलवरच्या लघुसंदेशाने देऊन पाहिली. शेतकऱ्यांना ते पसंत पडले.

वारणेचा हा प्रकल्प फसला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शेतकऱ्याने त्या तारेतून आपल्याला हवे ते घेतले. बिलाचा पैसा ज्यावर ठरतो ते वजन त्याला गावात बसून कळू लागले. तार टिकली ती कारखाना आणि सभासद यांच्यात आधीपासून रोजचा व्यवहार होता म्हणून.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या फायबर जाळ्याला मंजुरी दिली, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे वीस हजार कोटींचा आणि मुदत दोन वर्षांची होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘भारत ब्रॉडबँड नेटवर्क’ ही कंपनी स्थापन झाली. काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांच्याकडे गेले. राजस्थानातला अराईं, त्रिपुरातला पाणिसागर आणि आंध्रातला परवाडा या तीन गटांत आधी चाचणी झाली. आराखडा काटकसरीचा होता. गटाच्या ठिकाणाकडून बीएसएनएलची जुनी फायबर जिथवर होती तिथवर तीच वापरायची आणि उरलेल्या अंतरापुरती नवी टाकून ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात न्यायची. तिथे किमान १०० एमबीपीएस क्षमता द्यायची आणि पुढे घरोघरी सेवा नेण्याचे काम इतरांनी करायचे.

या काटकसरीतच अडचणी दडल्या होत्या. एकाच ओळीत टाकलेली तार कुठेही तुटली की पुढची सगळी गावे बंद पडतात. दीड मीटरहून खोल गाडलेली तारसुद्धा रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीपुढे टिकत नाही, आणि रस्त्याचे खाते व तारेचे खाते एकमेकांना विचारून काम करत नाहीत. जुन्या फायबरचे दोष नव्या जाळ्यात जसेच्या तसे आले. पंचायतीच्या खोलीत यंत्र बसले, पण वीज गेली की तेही मिटले. आणि ‘पुढे घरोघरी’ नेणारे ‘इतर’ कोण, हे कोणी ठरवले नव्हते. दोन वर्षांचे काम लांबले. पहिला लाख पंचायतींचा टप्पा २०१७ च्या अखेरीस पुरा झाला. दुसऱ्या टप्प्यात राज्यांना हाताशी घेतले आणि महाराष्ट्रात ‘महानेट’ आले. २०२१ मध्ये सोळा राज्यांत खासगी भागीदारीने काम करायचे ठरले, पण ते जमले नाही. २०२२ मध्ये भारत ब्रॉडबँडचे बीएसएनएलमध्ये विलीनीकरण मंजूर झाले.

मोजणीतली एक गफलत मला यापेक्षाही गंभीर वाटते. योजनेने पंचायत हे एकक धरले. देशात गावे सहा लाखांहून अधिक आणि पंचायती अडीच लाख. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावे आणि पंचायती अठ्ठावीस हजारांच्या आसपास. कोकणातली गट ग्रामपंचायत किंवा सातपुड्यातले पाडे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. कार्यालय एका गावात, वाड्या डोंगराच्या तिन्ही अंगांना. कागदावर पंचायत जोडली गेली की या सगळ्या वाड्या जोडल्या गेल्या असे धरले जाते.

मधल्या काळात इंटरनेट खेड्यात पोचले ते मोबाइलवरून. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. पण घरात फोन असणे वेगळे आणि तो हातात मिळणे वेगळे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण पुरुषांपैकी ४८.७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. ग्रामीण स्त्रियांचे प्रमाण २४.६ टक्के होते. दारापर्यंत आलेली तार उंबरठ्यावर आणखी एकदा थांबते, ती अशी.

जुन्या तारेच्या काळात तार नसणे ही गैरसोय होती. आज चित्र बदलले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत आधारची सुरुवात झाली. त्या क्रमांकावर आज रेशन, पेन्शन, अनुदान चालते आणि रेशन दुकानातल्या यंत्राला अंगठा पडताळायला सिग्नल लागतो. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर छायाचित्र काढून घेतली जाते. राज्याची ई-पीक पाहणी शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवर करायची आहे. सरकारने जाळे पुरे विणण्याआधीच आपले दरवाजे त्या जाळ्यात बसवले. सिग्नल नसेल तर मजुराचा खाडा पडतो आणि खाड्याचा पुरावा त्याच्याच विरुद्ध उभा राहतो.

न्यायालयानेही हा प्रश्न अर्धाच सोडवला आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरून होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना घटनेचे संरक्षण आहे असे सांगितले. इंटरनेट मिळणे हाच हक्क आहे का, हा मुद्दा त्याच्यापुढे मांडलेला नव्हता, म्हणून त्यावर भाष्य केले नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटचा खर्च १,३९,५७९ कोटी आहे. त्यात तार वर्तुळाकार टाकायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. पंचायतीबाहेरच्या गावांना मागणीनुसार जोडणी, दीड कोटी ग्रामीण घरांत इंटरनेट, दहा वर्षांची देखभाल आणि गावातल्याच उद्योजकाचा त्यात वाटा, अशा तरतुदी आहेत. एसटीडी बूथवाल्याचा धडा बऱ्याच उशिराने का होईना, आठवलेला दिसतो.

ही योजना यशस्वी झाली की नाही, हे जोडलेल्या पंचायतींच्या संख्येवरून कळणार नाही. तार तुटली तर किती तासांत जोडली गेली, तक्रार कोणाकडे करायची हे वाडीवरच्या बाईला ठाऊक आहे का, आणि सिग्नल नव्हता त्या दिवसाची मजुरी मजुराला मिळाली का, या तीन रकान्यांचा तक्ता दरमहा पंचायतीच्या फळ्यावर लागला, तर तो फायबरच्या किलोमीटरपेक्षा अधिक काही सांगेल.