कुत्र्यामागचं खुरपं

परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या जुन्या गावात कुत्र्याला मालक नसे, गल्ली असे. ज्या दारात शिळी भाकर पडे त्या दाराची राखण करायची आणि थंडीत उकिरड्यावर ऊब धरून पडायचं, एवढाच त्याचा संसार. पट्टा, साखळी, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणं ही भानगडच नव्हती. मग त्याची घाण कुणी उचलायची हा प्रश्न तरी कुठून येणार?

पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी उमर गेली. म्हशीचं अडलेलं रेडकू ओढून काढलं, जंताच्या तपासणीसाठी शेळ्यांच्या लेंड्या बाटल्यांत भरल्या, त्याची कधी लाज वाटली नाही. गावानंही त्या कामाला मान दिला. शिक्षण पदविकेचं असलं तरी लोक ‘डॉक्टर’च म्हणतात. निवृत्त झालो आणि मुलानं पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा पुरेना म्हणून आपला लॅब्रॅडॉर इकडं आणून सोडला. तेव्हापासून गंगाखेड-लोहा रस्त्याच्या कडेनं त्याला फिरवतो. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात खुरपं आणि जुना पेपर. कुत्रा बसला की उचलायचं आणि घरी आणून पुरायचं. आमच्या गल्लीतल्या एक आजी पहिल्यांदा पाहून थबकल्याच. “ओ डॉक्टर, हे काय करायलाव? नोकरीभर जनावराचंच काढलं, आता तरी बसा की सुखानं!”

आजींना शेण उचलण्याचं काहीच वाटत नाही. त्यांचा जन्म गोवऱ्या थापण्यात गेला. आमच्या शेजारचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. कबीर जनाबाईंना भेटायला आले तेव्हा त्या गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडत होत्या, आणि ज्या गोवरीतून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ती माझी, असं त्यांनी सांगितलं, ही आख्यायिका इकडं पोराटोरांना ठाऊक आहे. तिच्यातली भक्ती कीर्तनकार सांगतात. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. शेण ही भांडण्यासारखी, चोरीला जाण्यासारखी वस्तू होती. चूल त्यावर पेटे, भुई त्यानं सारवली जाई, उरलेलं शेतात जाई. मेंढरांच्या लेंडीचीही तीच कथा. धनगराचा कळप रानात बसवून घ्यायला शेतकरी आपणहून जात आणि त्याबद्दल धान्य देत. रात्रभर शेतात पडलेल्या लेंडीला मोल होतं. त्याच कळपाभोवती जागणाऱ्या कुत्र्यानं बांधावर काय टाकलं, ते कुणी मोजलं नाही.

जगात एका ठिकाणी मात्र ते मोजलं गेलं, तेही बादलीच्या भावानं. हेन्री मेह्यू या पत्रकारानं १८५१ च्या सुमारास लंडनच्या गोरगरिबांच्या धंद्यांची मोठी नोंद केली, तीत रस्त्यावरची कुत्र्याची विष्ठा वेचून विकणारी माणसं आहेत. हे काम आधी म्हाताऱ्या बायकाच करत. बर्मंडसी भागातल्या कातडी कमावणाऱ्यांना तो माल लागे. बादलीला आठ-दहा पेन्स सुटत, चांगल्या मालाला त्याहून जास्त. काही जण उजव्या हातात कातड्याचा मोजा घालत. काही जण तोही टाकून देत, कारण मोजा स्वच्छ ठेवण्यापेक्षा हात धुणं सोपं. माझ्यासारख्या अनुभवी माणसाला हे लगेच पटलं.

चुन्यात भिजवलेलं कातडं मऊ, लवचीक करायला ती विष्ठा वापरत. त्या कातड्याचे साहेब-मडमांचे हातमोजे होत, पुस्तकांच्या बांधण्या होत. त्यात नेमकं काम कोण करतं हे जर्मनीत ओट्टो र्‍होम यांनी १९०७ च्या सुमारास शोधलं: ती पाचकरसांतल्या विकरांची करामत होती. जनावरांच्या स्वादुपिंडातून तीच विकरं काढून त्यांनी बाजारात आणली आणि कुत्र्याच्या विष्ठेचा धंदा हळूहळू बसला.

मग हा धंदा आमच्याकडं का नव्हता? कातडी तर इथंही कमावली जायची. ढोर समाजाची माणसं बाभळीची साल, हिरडा, तरवड वापरून ती कमावत. पण आमचं कातडं मोटेसाठी, वहाणेसाठी. ते जाड आणि टणकच हवं. नाजूक हातमोजे घालून पालमच्या काळ्या मातीत कुणी कापूस वेचणार नव्हतं. गिऱ्हाईक नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून उचलणारा नाही. माझ्या मते इतिहास इतका सरळ आहे.

उलट आमच्या गावात साफसफाई कुत्राच करत होता. हे लिहायला अवघड आहे, पण माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. लहान लेकरू अंगणात बसलं की आई ‘यू यू’ करून कुत्र्याला हाक मारायची. मोठी माणसं टमरेल घेऊन गावाबाहेर जायची, आणि तिथंही कुत्री, डुकरं हजर असायची. माणसाची घाण कुत्र्यानं साफ करायची, हा गावगाडा. आता माणसानं कुत्र्याची घाण उचलायची म्हटल्यावर आजींना तो उलटा फिरल्यासारखा वाटला तर नवल काय!

घाण कुणी उचलायची, याचं मूळ त्या गावगाड्यातच आहे. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, पण मेलेलं जनावर कुणी ओढायचं ही वाटणी निजामाच्याही आधीची. बैल मेला, कुत्रं मेलं, की महारवाड्यात नाहीतर मांगवाड्यात सांगावा जाई. जो कुणी ते काम करी त्याला भाकर आणि शिवाशिव, दोन्ही मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडा असं सांगितलं. १९४१ मध्ये गावकीची कामं वंशपरंपरेनं करणाऱ्या महार-मांग वतनदारांची त्यांची परिषद आताच्या धाराशिव जिल्ह्यात कसबे तडवळ्याला झाली. काम सोडणाऱ्यांनी ते सोडलं, अनेक ठिकाणी त्याबद्दल मार आणि बहिष्कारही सोसला. पण ज्यांची घाण होती त्यांनी ते काम हाती घेतलं का? इथं आमचा इतिहास लंगडा पडतो. जे पुढं आले ते एकेकटेच. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून उपोषण केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. ब्राह्मण कैद्याला संडास साफ करू द्यायचं नाही, असा तुरुंगाचा दंडक होता! गाडगेबाबा तर गावात शिरले की आधी खराटा चालवत आणि कीर्तन रात्री करत. लोक रात्रीच्या कीर्तनाला गर्दी करत. सकाळच्या खराट्याला मात्र फार थोडे.

टोपलीचे संडास आणि ते माणसाकडून उपसून घेणं यावर बंदीचा कायदा आला १९९३ मध्ये, त्याहून कडक कायदा २०१३ मध्ये. म्हणजे आपली विष्ठा दुसऱ्याकडून उचलून घेणं हा गुन्हा ठरून जेमतेम एक पिढी सरली आहे.

पालमच्या बाजूला खरी हालचाल झाली ती २००० नंतर. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत चुरस लागली, भिंती रंगल्या, शाळेच्या पोरांनी प्रभातफेऱ्या काढल्या. पुढं उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणारी गुडमॉर्निंग पथकं आली. आम्हा खात्यातल्या माणसांनाही त्यांत ओढलं होतं. पहाटे अंधारात शिट्टी वाजवत पांदीकडं जायचं, समोरून एखादा शिक्षक किंवा पंचायतीचाच माणूस टमरेल लपवत यायचा, आणि दोघंही खाली बघायचो. कुणाच्या गळ्यात हार घातले, कुणाचं टमरेल जप्त केलं. बायकांच्या वाटेला मात्र त्यात हसू कमी आणि अपमान जास्त आला, हे माझं तेव्हाही मत होतं. एप्रिल २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. जाहीर होणं आणि होणं यात काय अंतर असतं, ते पावसाळ्यात पांदीनं चालून पाहणाऱ्याला कळतं. तरीही फरक पडला, फार पडला. माझ्या सुनेला टमरेल काय असतं ते सांगावं लागलं.

माणसांचं आवरल्यावरच कुत्र्यांची पाळी येते. मोठ्या शहरांतही हाच क्रम दिसतो. न्यूयॉर्कमध्ये घरोघरी नळ-संडास येऊन जमाना लोटला होता, तेव्हा कुठं १ ऑगस्ट १९७८ पासून कुत्र्यामागं साफ करण्याचा कायदा लागू झाला. दंड १०० डॉलरपर्यंत. त्याआधी फ्रॅन ली नावाच्या बाईंनी कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंतांमुळं लेकरांना रोग होतात म्हणून वर्षानुवर्षं रान उठवलं होतं, आणि कुत्रेवाले त्यांच्यावर तुटून पडले होते. पॅरिसनं वेगळी वाट धरली. १९८२ पासून विष्ठा शोषून घेणाऱ्या मोटारसायकली फुटपाथवर फिरवल्या. खर्च नगरपालिकेचा आणि मालक मोकळा, म्हणून सवय काही लागली नाही. २००४ मध्ये त्या बंद करून दंडावर यावं लागलं.

मुंबईचं तर कुत्र्यांशी फारच जुनं वैर. मोकाट कुत्री मारायला सरकार बक्षीस देई, त्यावरून जून १८३२ मध्ये फोर्टात पारशांनी दंगा केला, कारण त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र. त्याच मुंबईत २००६ च्या महापालिका उपविधींनी पाळीव जनावराची घाण रस्त्यावर सोडणाऱ्याला ५०० रुपये दंड लावला. सरकारचं लक्ष कुत्र्यावरून मालकाकडं वळायला पावणेदोनशे वर्षं लागली म्हणायची.

आता पालमचं सांगतो. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, घंटागाडी आली, नव्या वसाहतीत बंगले झाले आणि बंगल्यांत पट्ट्याची कुत्री आली. पोमेरियन, लॅब्रॅडॉर, एखादा जर्मन शेफर्ड. सकाळी त्यांना बाहेर काढतात ते दुसऱ्याच्या प्लॉटसमोर नेण्यासाठी. कुत्रा बसला की मालक मोबाइलमध्ये बघतो. मी टोकलं तर उत्तर ठरलेलं: “गावात एवढी मोकाट कुत्री आहेत डॉक्टर, त्यांचं कोण उचलतंय?” प्रश्न बिनतोड वाटतो, पण पाळीव कुत्रा रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी बसतो, आणि त्याच जागेवर शेजारची पोरं गोट्या खेळतात.

शिवाय जंत. शेळी-मेंढीच्या काळजात, फोपशात पाण्याची गाठ असते, हे खाटकाला माहीत असतं. तो ती गाठ कुत्र्यापुढं फेकतो. कुत्र्याच्या आतड्यात त्यातून बारीक फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि पालेभाजीवरून, हातावरून माणसाच्या पोटात जातात. मग तीच पाण्याची गाठ माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं वाढते. कळते तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट गेलेली असते. आमच्या मे महिन्याच्या उन्हात ही अंडी फार टिकत नाहीत. ओलीत मात्र महिनोन्‌महिने टिकतात, आणि लेंडी नदीला पूर आला की रस्त्यावरचं सगळं कुठं कुठं जातं ते सांगायला नको. लहान पोरांना त्रास देणाऱ्या दुसऱ्या गोल जंताची अंडी ताज्या विष्ठेत बाधक नसतात. ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून त्याच दिवशी उचललं तर उचलणाऱ्याला निदान या जंताचा धोका कमी आणि गल्लीला फायदा जास्त.

पालमच्या कुत्रेवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी द्या, पशुवैद्यकाला विचारून. खाटकाकडची कच्ची काळीज-फोपशी घालू नका. आणि उचललेलं पिशवीत बांधून घंटागाडीत टाकू नका. त्या गाडीवर कचरा निवडणाऱ्या बाईच्या हातात बहुतेकदा मोजेसुद्धा नसतात, आणि तुमच्या कुत्र्याचं तिनं काढायचं म्हणजे जुनीच वाटणी नव्या पिशवीत. इथं प्रत्येकाच्या घरामागं हातभर जमीन आहे. भाजीच्या वाफ्यापासून आणि आडापासून लांब, गुडघाभर खोल खड्डा घ्या, वर राख-माती ओढा. खुरपं कोणत्याही बाजारात मिळतं.