वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे

दधीची ऋषींनी देवांच्या कार्यासाठी आपला देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडले, ही कथा आपल्या गावातील लहानथोरांनी कीर्तनात अनेकदा ऐकलेली आहे. परंतु हेच वज्र भारत सरकारच्या सर्वोच्च युद्धपदकावर कोरलेले आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. परमवीर चक्र हे पदक काशाचे असून मध्यभागी राजमुद्रा व तिच्या चारी अंगांना चार वज्रे आहेत. पदकाची आकृती तयार केली ती सावित्रीबाई खानोलकर यांनी. या बाई जन्माने युरोपीय, परंतु विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या सर्वस्वी इकडच्या झाल्या. त्यांचा आपल्या पुराणांचा अभ्यास भल्याभल्यांना लाजवील असा होता. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक सुरू झाले. त्यानंतर आजवर केवळ एकवीस वीरांना ते लाभले व त्यांपैकी चौदा जणांना मरणोत्तर मिळाले.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी पाच परमवीर चक्रे दिली गेली. पैकी तिघे रणांगणावरच पडले. जे दोघे पदक छातीवर लावून घेण्यास हयात राहिले त्यांतील एक पंजाबचे लान्स नाईक करमसिंग आणि दुसरे आपल्या मुंबई इलाख्यातील रामा राघोबा राणे. दुसऱ्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांना हा मान शत्रूचे मुडदे पाडल्याबद्दल मिळालेला नाही. रस्ता मोकळा केल्याबद्दल मिळालेला आहे. खानदेशाशी त्यांचा नात्यागोत्याचा संबंध नसला तरी त्यांची हकीगत आपल्या गावकऱ्यांस माहीत असावी, म्हणून येथे दिली आहे.

राणे यांचे मूळ गाव कारवारजवळील चेंडिये. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, अशा पट्टीतील हे लहानसे खेडे. वडील राघोबा हे पोलीस खात्यात शिपाई होते. नोकरीमुळे त्यांचे बिऱ्हाड गावोगाव फिरे. त्यामुळे रामाचा जन्म २६ जून १९१८ रोजी हावेरी येथे झाला, आणि शिक्षणही बदल्यांच्या मागे धावत, जमेल तसे झाले. सरकारी नोकरांच्या मुलांच्या नशिबी हे असतेच. १९३० साली देशात कायदेभंगाची हवा होती आणि कारवार-अंकोला भागात तर मिठाच्या सत्याग्रहाने रान पेटले होते. बारा वर्षांचा हा मुलगाही त्या हवेने भारावला. बाप पोलिसात आणि मुलगा चळवळीत, हे कसे जमावे? राघोबांनी कुटुंब उचलून चेंडियेला आणले.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १० जुलै १९४० रोजी रामा राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. या पलटणीचे ठाणे पुण्याजवळ खडकी येथे. पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग पेरणे व काढणे ही त्यांची कामे. लढणाऱ्या पलटणींच्या पुढे जाऊन वाट करायची आणि माघार घेताना सर्वांच्या मागे राहून पूल उडवायचे, असा हा धंदा आहे. राणे भरतीतील सर्वोत्तम रंगरूट ठरले व त्यांस मानाची छडी मिळाली. लौकरच ते नाईक झाले.

ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर बुथिडाँग येथे फौज मागे सरत असता, दारूगोळा व साधनसामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती नष्ट करण्याकरिता राणे व त्यांच्या तुकडीस मागे ठेवण्यात आले. काम आटोपल्यावर आरमाराचे जहाज त्यांस घेऊन जाणार होते. ते काही जमले नाही. तेव्हा या मंडळींनी जपानी गस्तीची नजर चुकवून नदी ओलांडली आणि पायी आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाली. या कामगिरीबद्दल राणे हवालदार झाले, पुढे जमादार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस साडेसात वर्षांत अधिकारी झाला.

त्या वेळी काश्मीर पेटलेले होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हाती पडली होती व तेथील हिंदू-शीख वस्तीची मोठी कत्तल झाली होती. मार्च १९४८ मध्ये आपल्या सैन्याने झांगर परत घेतले आणि मग नौशेऱ्याहून राजौरीकडे कूच करण्याचे ठरले. रणगाडे होते, ४ डोग्रा पलटण होती, पण रस्ता नव्हता. म्हणजे रस्ता होता, परंतु शत्रूने ठिकठिकाणी चिडाची झाडे आडवी पाडली होती, मोऱ्या उडविल्या होती तशीच भरावही फोडले होते, आणि भोवती सुरुंग पेरून वरच्या टेकड्यांवर मशीनगनी बसविल्या होत्या. चाळीसगावहून औट्रम घाटाने कन्नडला गेलेल्यांनी त्या घाटाची वळणे डोळ्यांपुढे आणावीत, आणि दर वळणावर वरून गोळी येत आहे अशी कल्पना करावी.

हा रस्ता साफ करण्याचे काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या राणे यांच्या तुकडीकडे आले. त्या चार दिवसांची हकीगत पदकाच्या प्रशस्तिपत्रात दिलेली आहे. सरकारी कागद वाचण्याची सवय असलेल्यास तो कागद म्हणजे एखाद्या कामावरील रोजनामा वाटेल. त्यात अलंकारिक भाषा थोडी, तासांचे आकडे जास्त.

८ एप्रिल १९४८, सकाळी अकरा. सुरुंग काढण्यास निघण्यासाठी तुकडी रणगाड्यांजवळ उभी असतानाच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच ठार झाले. पाच जखमी, त्यांत स्वतः राणे. काम सुरू होण्यापूर्वीच ही स्थिती! राणे यांनी उरलेल्यांची जुळवाजुळव केली व कामास हात घातला. दिवसभर ते गोळीबारात रणगाड्यांलगत राहिले. साडेचारच्या सुमारास डोग्रांनी बरवाली टेकडी घेतली. पण आसपास शत्रू अजून दबा धरून होता. तरीही राणे पुढे सरकले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता करू लागले. शत्रूच्या डोळ्यांदेखत हे काम रात्री दहापर्यंत चालले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला. मग सर्वांत पुढच्या गाडीत राणे स्वतः बसले. अर्धा मैल जाताच चिडाची झाडे आडवी. उतरून ती सुरुंगाने उडविली. तीनशे वारांवर पुन्हा तेच. पाच वाजता फुटलेली मोरी लागली. सव्वासहाला, दिवस मावळताना, पाच मोठ्या झाडांचा अडथळा आला, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. राणे त्यालाही भिडले होते, परंतु अंधार पडू लागल्याने वरिष्ठांनी ताफा थांबविला.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला त्याच झाडांपाशी काम सुरू झाले आणि साडेसहाला अडथळा निघाला. पुढील हजार वारांत तर अडथळे व फुटके भराव यांची रांगच होती. ती साडेदहापर्यंत मोकळी झाली. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोहोचले. जहांगीर बादशहा काश्मीरहून परतताना वारला तेव्हा त्याची आतडी ज्या सराईत पुरली असे सांगतात, तेच हे चिंगस. रणगाडे तावी नदीच्या पात्रातून पुढे निघून गेले, म्हणजे खरे तर कामगिरी फत्ते झाली होती. दुसऱ्या एखाद्याने त्या जागी अंग टाकले असते तर कोणी बोल लावला नसता. परंतु रणगाडे नदीतून गेले तरी शिधा, दारूगोळा व औषधे घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ताच हवा. म्हणून राणे अन्न व विश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत राबत राहिले. ११ तारखेस सकाळी अकरापर्यंत चिंगसचा रस्ता खुला झाला, आणि त्या रात्री दहापर्यंत त्यापुढच्या रस्त्याचे काम चालूच होते. १२ एप्रिल रोजी आपली फौज राजौरीत शिरली.

राणे रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत जात, दोरीने चालकास इशारा देत आणि त्या आडोशाने सुरुंग काढीत, अशीही एक हकीगत फौजेत मोठ्या आवडीने सांगितली जाते. प्रशस्तिपत्रात तिचा उल्लेख नाही. ती वगळली तरी या चार दिवसांचे मोल काही कमी होत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातील बायाबापड्यांनी सरकारी कामांवर खडी फोडली, माती वाहिली. रस्त्याचे काम अंगाला कसे लागते हे त्या पिढीला कोणी सांगायला नको. जखमी पायाने, उपाशीपोटी आणि गोळ्यांखाली ते करणे म्हणजे काय, हे अशा हातांनाच नीट कळेल. पहिल्याच तोफगोळ्याने पडलेल्या त्या दोन जवानांची नावे मात्र प्रशस्तिपत्रात नाहीत, केवळ आकडा आहे. ही गोष्ट मनाला लागून राहते.

२५ जानेवारी १९६८ रोजी राणे मेजर म्हणून निवृत्त झाले. सैन्याने त्यांस पुन्हा कामावर घेतले व एप्रिल १९७१ पर्यंत त्यांनी नोकरी केली. युद्धकाळातील कामगिरीबद्दल खलित्यांतून त्यांचा गौरवपूर्ण उल्लेख पाच वेळा झाला होता. शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली, तेव्हा १९८४ साली एक जहाज राणे यांच्या नावाने समुद्रात उतरले. स्वतःच्या नावाचे जहाज हयातीत पाहणे कितीजणांच्या भाग्यात असते? समुद्रकाठच्या चेंडियेच्या माणसाला याहून शोभेसा सन्मान दुसरा कोणता असणार!

११ जुलै १९९४ रोजी पुणे येथे, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर ७ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातील एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट राणे यांच्या नावाचे आहे. आणि नौशेरा ते राजौरी हा रस्ता आज जम्मूहून पूंछकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग असून चिंगसची जुनी सराई त्याच्या कडेलाच उभी आहे.