भारतीची बंदूक आणि देसाईगंजची ती रात्र

आजचा विषय लैंगिक हिंसेचा आहे. आत्ता नको वाटत असेल तर हा भाग नंतर ऐका, काही बिघडत नाही.

चित्रपट आहे 'इन्साफ का तराजू', साल १९८०, दिग्दर्शक बी. आर. चोप्रा. आपल्या पिढीने तो बहुतेक रील्समधल्या तुकड्यांतच पाहिलाय. मी गेल्या महिन्यात अख्खा पाहिला, आणि त्यातला बदला माझ्या फारसा लक्षात राहिला नाही. लक्षात राहिली ती उलटतपासणी.

गोष्ट थोडक्यात. भारती (झीनत अमान) सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मॉडेल. रमेश (राज बब्बर) तिचा श्रीमंत चाहता. तो तिच्या घरी येऊन तिच्यावर बलात्कार करतो. लोक सांगतात गप्प बस, पण ती कोर्टात जाते आणि हरते. मॉडेलिंग सुटतं, ठरलेलं लग्न मोडतं, शहर सुटतं. मग तोच माणूस तिच्या धाकट्या बहिणीवर, नीतावर, अत्याचार करतो. आता भारती कोर्टाची पायरी चढत नाही, थेट गोळ्या घालते. दुसऱ्या खटल्यात आरोपी तीच असते आणि कोर्ट तिला सोडतं.

रमेशचा वकील झालेत आपले डॉ. श्रीराम लागू. ते आरडाओरडा करत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. फोटोसाठी असे कपडे घालता ना? त्याला घरी येऊ दिलंत ना? एकेक साधा प्रश्न, आणि शेवटी बलात्काराची 'संमती' होऊन बसते. लहान बहिणीच्या गोंधळलेल्या साक्षीचाही ते असाच वापर करतात.

कथा अस्सल देशी नाही बरं का. १९७६ च्या 'लिपस्टिक' या अमेरिकन चित्रपटावरून ती घेतलेली आहे. त्यात मार्गो आणि मेरिएल हेमिंग्वे या सख्ख्या बहिणी बहिणींच्याच भूमिकेत होत्या, लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेच्या नाती. तिकडेही नायिका मॉडेल, तिकडेही कोर्टात हार, तिकडेही शेवटी बंदूक. पण १९८० मध्ये हा सिनेमा बघायला बसलेल्या भारतीय प्रेक्षकाच्या डोक्यात अमेरिका नव्हती. त्या वर्षी वर्तमानपत्रांत महाराष्ट्रातला एक खटला गाजत होता.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, आज गडचिरोली जिल्ह्यात, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. मोलमजुरी करणारी, आईबाप नसलेली एक आदिवासी मुलगी, वय १४ ते १६ च्या दरम्यान. एका तरुणाशी तिचं जुळलं होतं. भावाने तक्रार केली की बहिणीला पळवलंय, म्हणून सगळ्यांना चौकीत बोलावलं. रात्री जबाब झाले, बाकीचे बाहेर पडले आणि मुलीला आतच थांबवलं. बाहेर नातेवाईक उभे, आतले दिवे बंद, दार बंद. बाहेर आल्यावर तिने तिथेच सांगितलं की काय झालं. आरोपी दोन पोलीस.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवून दोघांना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला, एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. उच्च न्यायालयाचं म्हणणं असं की भीतीपोटी शरीर हतबल होणं म्हणजे होकार नव्हे. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचं पटत नाही, म्हणजे विरोध नव्हता.

रात्रीची पोलीस चौकी, समोर खाकी वर्दी, आणि एका पोरीने ओरडायला हवं होतं. कोणाला ऐकू जावं म्हणून? मदतीला पोलिसांनाच बोलवायचं ना?

वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुणे विद्यापीठाच्या वसुधा धागमवार. गप्प राहून सोसणं आणि संमती देणं यातला फरक त्यांनी कोर्टाला शिकवला, असंच मी म्हणेन. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभं राहिलं, ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. खटला पुन्हा चालवा ही मागणी होती. ती मान्य झाली नाही.

कायदा मात्र १९८३ मध्ये बदलला. पुरावा कायद्यात ११४-अ हे नवं कलम आलं. कोडच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू बदलली. पोलीस कोठडीतला संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने आधी तेच धरून चालायचं. उलटं सिद्ध करणं आरोपीचं काम. अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षं, आणि सुनावणी बंद दाराआड.

पण हे मुख्यतः कोठडीपुरतं. भारतीसारख्या, स्वतःच्या घरात अत्याचार झालेल्या बाईला या कलमाचा काडीचा उपयोग नव्हता. बाईचं चारित्र्य काढून तिची साक्ष मोडायची मुभा देणारं कलम तर २००२ च्या दुरुस्तीपर्यंत पुस्तकात होतं. लागूंनी पडद्यावर विचारलेले प्रश्न पुढे वीसेक वर्षं खऱ्या कोर्टांत विचारता येत होते.

म्हणून या चित्रपटाबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. कोर्टात बाईची दुसऱ्यांदा चिरफाड होते हे त्याने लाखो लोकांना दाखवलं, याला मी कमी लेखणार नाही. पण मग बलात्काराची दृश्यं इतकी लांबवर का? पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती. तिला या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं, अभिनय तसा आहेच, पण तो कॅमेरा तिच्या बाजूचा नाही असं मला बघताना सतत वाटत राहिलं. आणि भारतीवर कोर्टाने विश्वास ठेवावा म्हणून कथेला दुसरा बलात्कार लागतो, तोही एका 'निष्पाप' मुलीवर. पहिला पुरेसा का नव्हता, याचं उत्तर चित्रपट देत नाही.

देसाईगंजच्या मुलीकडे बंदूक नव्हती, वकिलाचे पैसे नव्हते, टाळ्या घेणारं शेवटचं भाषणही नव्हतं. तिच्यामुळे बदललेला कायदा तिच्या खटल्याला लागू झाला नाही. ते दोन पोलीस निर्दोषच राहिले. पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरवणारं कलमही त्याच १९८३ च्या दुरुस्तीतलं. तिचं नाव त्याआधीच सगळीकडे छापून झालं होतं, त्यामुळे लॉ कॉलेजात तो आजही 'मथुरा खटला' म्हणूनच शिकवतात.

पुढच्या भागात १९८८ चा 'जख्मी औरत'. त्यात डिंपल कपाडिया स्वतःच पोलीस इन्स्पेक्टर आहे, आणि तरीही कोर्टात हरते. भेटू.