व्हिडिओ गेममधील सशुल्क पूरक भाग आणि ग्राहकहित
मूळ खेळानंतर त्याचा पूरक भाग वेगळ्या किमतीस विकण्याची प्रथा डाउनलोडच्या आधीची आहे. ‘स्टारक्राफ्ट’चा ‘ब्रूड वॉर’ हा भाग १९९८ मध्ये असाच विक्रीस आला. डाउनलोडमुळे लहानसहान वस्तूही विकणे शक्य झाले. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने ‘ओब्लिव्हियन’ या खेळातील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकावयास काढले. त्याची बरीच टवाळी झाली. ती काहीशी अन्यायकारकच म्हणावी लागेल. कारण चिलखताविना घोड्याचे काही अडत नव्हते आणि आपण काय विकत घेतो हे ग्राहकास ठाऊक होते.

खरा प्रश्न मार्च २०१२ मध्ये उपस्थित झाला. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’ या खेळाच्या डिस्कवर १२ पात्रे कुलूपबंद अवस्थेत आधीपासूनच असल्याचे उघडकीस आले, आणि तेही कंपनीकडून नव्हे, तर डिस्कची तपासणी करणाऱ्या खेळाडूंकडून. ग्राहकाच्या घरी पोहोचलेल्या वस्तूची किल्ली त्यालाच पुन्हा विकली जाणार होती. पात्रे डिस्कवर असोत वा नंतर डाउनलोड होवोत, फरक केवळ पोहोचविण्याच्या पद्धतीचा आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. तांत्रिकदृष्ट्या तो खोटा नव्हे. परंतु खरेदीच्या वेळी ग्राहकास हे ठाऊक होते काय, या मुद्द्यास तो स्पर्शच करीत नाही. मे २०१२ मध्ये कॅपकॉमने या धोरणाचा फेरविचार करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन व्हिटा आवृत्तीत ही १२ पात्रे मूळ किमतीतच समाविष्ट होती.