पगारातली कपात आणि नोकरीतली कपात

१/ मराठीत ‘कपात’ हा शब्द पगारदाराला दोन ठिकाणी भेटतो: पगारपत्रकाच्या उजव्या रकान्यात आणि कारखान्याच्या फाटकावर लागलेल्या नोकरकपातीच्या नोटिशीत. या दोहोंचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. नोकरी जाणार हे दिसू लागल्यावर पगारातून कापला जाणारा आयकर कमी करून घेता येतो का? येतो. कायद्याने त्यासाठी वाट ठेवली आहे. मात्र ती शेवटचा पगार निघेपर्यंतच खुली असते. ही वाट कशी तयार झाली, त्याचा हा धागा.

२/ आरंभ १८६० पासून करू. १८५७ च्या उठावानंतर कंपनीकडून सत्ता राणीकडे गेली आणि तिजोरी रिकामी झाली. ती भरण्यासाठी जेम्स विल्सन कलकत्त्यास आले आणि त्यांनी हिंदुस्थानात पहिला आयकर आणला. जुलैमध्ये कायदा झाला, ऑगस्टमध्ये विल्सन आजारपणाने वारले. पगार आणि निवृत्तिवेतन ही त्या कायद्यातील उत्पन्नाची एक स्वतंत्र वर्गवारी होती. पाच वर्षांनी तो कर संपला.

३/ आयकर कायमचा झाला तो १८८६ च्या कायद्याने. सरकारी नोकराचा कर पगार देतानाच कापून घेण्याची पद्धत त्यात होती. पुढे १९२२ च्या कायद्याच्या कलम १८ ने वेतन देणाऱ्या प्रत्येकावर ही जबाबदारी टाकली. म्हणजे खासगी मालकही सरकारचा बिनपगारी वसुली कारकून झाला. आज आपण ज्याला ‘टीडीएस’ म्हणतो, त्याचे मूळ येथे आहे.

४/ आपल्या शहराचा हिशेब वेगळा होता. औरंगाबादेत १८८९ मध्ये कापसाची सूत व कापड गिरणी उभी राहिली. तिच्यात सुमारे ७०० माणसे कामाला होती. पण शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा आयकर येथे लागू नव्हता. संस्थानाचा स्वतःचा आयकर अधिनियम १३५७ फसलीचा, म्हणजे १९४७-४८ च्या सुमाराचा. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा मराठवाड्यात आला.

५/ आता मूळ अडचण पाहू. आयकर संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर असतो, पगार मात्र महिन्याला मिळतो. एप्रिलचा पगार देताना मालकाला वर्षाचे उत्पन्न ठाऊक नसते. म्हणून तो अंदाज बांधतो. १९६१ च्या अधिनियमाचे कलम १९२ हेच सांगते: वर्षाच्या ‘अंदाजित’ वेतनावर सरासरी दराने कर कापावा. या अंदाजात एक न बोललेले गृहीतक असते: नोकरी मार्चअखेर टिकेल. नोकरी सप्टेंबरात गेली की गृहीतक कोसळते, पण तोपर्यंत कर त्याच हिशेबाने कापला गेलेला असतो.

६/ ही अडचण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला फार तीव्रतेने जाणवली. युद्धखर्चासाठी लाखो कामगार प्रथमच आयकराच्या कक्षेत आले. त्यांच्या पगारातून कर कापला जाई, पण तो आधीच्या काळातील कमाईवरचा. जादा कामाचे दिवस संपले, पगार उतरला किंवा थांबला, तरी मागील चांगल्या दिवसांचा कर अंगावर उभाच. युद्ध संपल्यावर कारखाने थंडावतील तेव्हा काय, ही भीती कामगारांत होती.

७/ त्यावरचा उपाय, ‘पे अ‍ॅज यू अर्न’, एप्रिल १९४४ मध्ये लागू झाला. त्याचे शिल्पकार पॉल चेंबर्स. हेच चेंबर्स १९३५-३६ मध्ये भारतातील आयकर चौकशी समितीचे सदस्य आणि १९३७ ते १९४० या काळात भारत सरकारचे आयकर सल्लागार होते! त्यांच्या पद्धतीत दर पगाराला वर्षारंभापासूनची एकूण कमाई आणि एकूण कर यांचा मेळ घातला जाई. कमाई थांबली की जास्तीचा कर वर्ष संपण्याची वाट न पाहता परत मिळू लागे. चूक दुरुस्त करण्याचे काम यंत्रणेनेच अंगावर घेतले होते.

८/ अमेरिकेने १९४३ मध्ये दुसरी पद्धत निवडली. तेथे सामान्यतः प्रत्येक पगार जणू वर्षभर तसाच मिळणार असे धरून कर कापतात. मध्येच नोकरी गेली तर जास्तीची रक्कम पुढील वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळते. भारताचा मार्ग या दोहोंच्या मधला. आपल्या कलम १९२ चे पोटकलम ३ मालकाला मुभा देते की आधीच्या महिन्यांत जास्त वा कमी कापले गेले असेल, तर त्याच आर्थिक वर्षातील पुढील कपात कमी-जास्त करून मेळ घालावा. यंत्र आपोआप वळत नाही. कोणीतरी ते वळवावे लागते.

९/ पगारपत्रकातील दुसरी कपात अस्सल महाराष्ट्राची आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नियमित पगार असलेल्यांनी बिनकामाच्या हातांसाठी दरमहा काही द्यावे आणि सरकारने तेवढीच भर घालावी, अशी ती रचना होती. हा कर त्या त्या महिन्याच्या पगारावर ठरतो (सामान्यतः २०० रुपये, फेब्रुवारीत ३००). वर्षाचा अंदाज नाही, म्हणून नोकरी गेल्यावर परताव्याचा प्रश्नही नाही. पगार थांबला, कर थांबला. विसंगती एवढीच की ज्याची शहरी नोकरी गेली, त्याच्यासाठी ही मुख्यतः ग्रामीण योजना नव्हती.

१०/ चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनी शहराला पगारदारांचे शहर केले. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि आसपास सुट्या भागांच्या उद्योगांची साखळी उभी राहिली. अशा शहरात एक मोठा उद्योग अडखळला की धक्का दूरवर पोहोचतो. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरी संहितेखालील प्रक्रियेत गेली, तेव्हा चितेगावचे नाव असेच चर्चेत आले. नोकरी कोणत्या महिन्यात जाते, यावर कराचे गणित किती बदलते ते आता आकड्यांत पाहू.

११/ समजा महिना पगार १,२०,००० रुपये, आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली, दुसरे उत्पन्न नाही. वर्षाचा अंदाज १४,४०,०००. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरले १३,६५,०००. उपकरासह कर ८८,१४०, म्हणजे दरमहा ७,३४५ रुपये. नोकरी ३० सप्टेंबरला संपली तर सहा महिन्यांत कापले गेले ४४,०७०. प्रत्यक्षात सहा महिन्यांचे करपात्र उत्पन्न ६,४५,००० आणि १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे त्यावरील कर शून्य.

१२/ म्हणजे सगळेच ४४,०७० रुपये जास्तीचे. ते बुडत नाहीत, पण परतावा मिळतो तो आर्थिक वर्ष संपून विवरणपत्र भरल्यावर. सप्टेंबरात नोकरी गेलेल्या माणसाला ते पैसे ऑक्टोबरात हवे असतात, घराचा हप्ता आणि शाळेची फी त्याच महिन्यात असते. हीच सूचना जुलैच्या पगाराआधी मिळाली आणि मालकाने अंदाज नव्याने बांधला, तर जुलै ते सप्टेंबरचे २२,०३५ रुपये हातात राहतात. एप्रिल ते जून कापलेले मात्र परताव्यातूनच येतील, कारण वळते करून घ्यायला पुढे कपातच उरलेली नसते.

१३/ म्हणून नोटीस मिळताच पगार विभागाला लेखी कळवावे: सेवेचा शेवटचा दिवस, तोपर्यंतचे अपेक्षित वेतन, आणि या आधारे कलम १९२(३) नुसार कपात सुधारण्याची विनंती. नुसत्या अफवेवर मालक कपात घटवणार नाही. कमी कापल्यास व्याजाचा भार त्याच्यावर येतो. कलम १९७ नुसार करअधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र घेण्याचा मार्गही आहे, परंतु एक-दोन महिन्यांच्या नोटीस-काळात तो सहसा अपुरा पडतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये वेतनावरील कपात कलम ३९२ मध्ये गेली आहे; पत्र लिहिताना वर्ष पाहून कलम लिहावे.

१४/ अंतिम हिशेबात अंदाज वरही जाऊ शकतो, हे विसरू नये. नोटीस-काळाचे वेतन करपात्र असते. नोकरकपातीची भरपाई औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये आली: सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन. कायद्याच्या व्याख्येतील कामगाराला तिच्यावर ५ लाखांपर्यंत करसूट आहे. व्यवस्थापकाला ती मिळत नाही. ग्रॅच्युइटीची मर्यादा २० लाख. म्हणून प्रत्येक रक्कम कोणत्या नावाने दिली जाते, ते अंतिम पत्रकात स्पष्ट लिहून घ्यावे.

१५/ भविष्य निर्वाह निधीचेही तसेच. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम सामान्यतः करपात्र ठरते. परंतु मालकाचा धंदा बंद पडला किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरील कारणाने सेवा संपली, तर कायदा सूट देतो. त्यामुळे सोडचिठ्ठीवर ‘राजीनामा’ लिहिले आहे की ‘सेवासमाप्ती’, या एका शब्दाला पैशाचे मोल आहे. घाईत राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी हे ध्यानात असावे.

१६/ उलट बाजू. वरील उदाहरणातील व्यक्तीला नोव्हेंबरात तितक्याच पगाराची दुसरी नोकरी मिळाली, तर नवा मालक पाच महिन्यांचे ६ लाखच पाहील आणि काहीच कापणार नाही. पण वर्षाची बेरीज ११ महिन्यांची, १३,२०,०००. वजावट आणि सीमांत सवलत धरूनही कर ४६,८०० रुपये. आधी कपात कमी करून घेतली असेल (२२,०३५), तर जुलैत विवरणपत्र भरताना २४,७६५ रुपये आणि वर व्याज. म्हणून नव्या मालकाला जुन्या वेतनाचा तपशील द्यावा. २०२५-२६ पर्यंत त्यासाठी ‘फॉर्म १२बी’ होता.

१७/ शेवटी, पगारपत्रके जपून ठेवा. मालकाने कर कापला पण सरकारजमा केला नाही, तर १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ सांगते की कापला गेलेला तेवढा कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येणार नाही. मात्र कर कापला गेला होता, हे दाखवायला कागद आपल्याकडे असावा लागतो आणि बंद पडलेल्या कंपनीतून तो नंतर मिळणे कठीण.

१८/ चेंबर्स यांनी १९४४ मध्ये जे काम यंत्रणेवर सोपवले, ते आपल्याकडे अजून माणसाने माणसाला सांगण्यावर अवलंबून आहे. आपल्या ओळखीत कोणी नोटीस-काळात असेल, तर पुढचा पगार निघण्याआधी हा धागा त्यांच्यापर्यंत पोहोचवा. (समाप्त)