दुर्बिणीची बंदूक आणि तिच्यामागचा डोळा

‘स्नायपर’ हा शब्द दोन महायुद्धांनीं जगभर नेला. पण त्याचा जन्म हिंदुस्थानांतील दलदलींच्या कांठीं झाला, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इकडे आलेले इंग्रज अधिकारी पाणलाव्याच्या शिकारीस जात. हा चिमुकला पक्षी चिखलाच्या रंगांत असा मिसळून बसतो कीं, अगदीं जवळ जाईपर्यंत दिसूं नये. आणि उडाला म्हणजे नागमोडी वळणें घेत असा जातो कीं, बंदूक खांद्याशीं येण्यापूर्वींच नाहींसा व्हावा. इंग्रजींत त्याला ‘स्नाइप’ म्हणतात, व त्याला टिपणें तें ‘स्नायपिंग’. पुढें हाच शब्द लपून बसून माणसाला टिपण्याच्या कामीं रूढ झाला.

ह्या कामाला ब्रिटिश सैन्यांत शास्त्राचें रूप देणारा पुरुषही, योगायोग असा कीं, हिंदुस्थानांतच जन्मला. राणी लक्ष्मीबाईच्या नांवानें महाराष्ट्रीयांस चिरपरिचित असलेल्या झांशी शहरीं १८७६ सालीं मेजर हेस्केथ-प्रिचर्ड ह्याचा जन्म झाला. वडील त्याच्या जन्मापूर्वींच निवर्तले होते. आईनें त्याला विलायतेंत वाढविलें. हॅम्पशायर परगण्याच्या संघांत तो जलद गोलंदाज म्हणून क्रिकेट खेळला. पॅटागोनिया व लॅब्रडॉर हे ओसाड प्रदेश त्यानें पायाखालीं घातले. मोठ्या जनावरांची शिकार केली आणि कथाकादंबऱ्याही लिहिल्या. १९१४ सालीं युद्ध पेटलें तेव्हां त्याचें वय सदतीस वर्षांचें होतें व लढाऊ पलटणींत त्याला जागा मिळाली नाहीं. १९१५ सालीं तो फ्रान्सच्या आघाडीवर गेला तो वृत्तपत्रांच्या बातमीदारांना सोबत करणारा अधिकारी म्हणून. तेथें त्यानें जें पाहिलें व केलें, त्याच्या आठवणी १९२० सालीं ‘स्नायपिंग इन फ्रान्स’ ह्या पुस्तकांत प्रसिद्ध झाल्या.

उभय सैन्यें त्या वेळीं खंदकांत रुतून बसलीं होतीं. कांहीं ठिकाणीं दोन खंदकांमधील अंतर शंभर यार्डांहूनही कमी होतें. मोठी लढाई नसली तरी माणसें रोज मरत; चहा करतांना, पत्र वाचतांना, बांधावरून क्षणभर डोकावतांना मरत. जर्मनांनीं ह्या कामाची तयारी अगोदर केली होती. राटिबोरच्या ड्यूकनें आपल्या देशांतील शिकाऱ्यांकडून दुर्बिणी बसविलेल्या बंदुका गोळा करून आघाडीवर पाठविल्या. आणि त्या चालविण्यास जर्मन सैन्यांत रानावनांत वाढलेले शिकारी व वनरक्षक होते. इंग्रज शिपायापाशीं शौर्य होतें, पण शत्रूची गोळी कोठून येते हें त्याला उमजत नव्हतें.

इंग्रजांकडे दुर्बिणीच्या बंदुका मुळींच नव्हत्या असें नाहीं. हेस्केथ-प्रिचर्डनें त्या तपासून पाहिल्या, तेव्हां त्याला धक्काच बसला. दुर्बीण ही नाजूक वस्तु. तिचा स्क्रू किंचित् ढिला झाला, किंवा प्रवासांत बंदुकीला एखादा दणका बसला, कीं दुर्बिणींतून दिसणारें निशाण एकीकडे व गोळी दुसरीकडे. बहुतेक बंदुकांची हीच गत झाली होती, आणि ज्यांच्या हातीं त्या दिल्या होत्या त्यांना दुर्बिणीचा नेम कसा जुळवावा हें कोणीं शिकविलेंच नव्हतें. शिपाई आपला नेम चुकला असें समजून कष्टी होई. चूक मात्र यंत्राची असे. साध्या माशीवरून अचूक गोळी घालणारा माणूस ह्या मौल्यवान् यंत्रानें निकामी होऊन बसे.

शिवाय ह्या बंदुकांच्या घडणींतच एक दोष होता. काडतुसांची पट्टी वरून भरतां यावी म्हणून इंग्रज कारखानदारांनीं दुर्बीण नळीच्या माथ्यावर न बसवितां डाव्या कुशीला बसविली. कागदावर हा विचार योग्य दिसतो. पण आपल्या किल्ल्यांच्या तटांना असतात तशा अरुंद जंग्यांतून खंदकांतला नेमबाज गोळी घालीत असे. जंगीतून नळी बाहेर काढावी तर कुशीची दुर्बीण पोलादी पत्र्याच्या आड जाई. जर्मनांची दुर्बीण नळीच्या माथ्यावर असल्यानें त्यांना ही अडचण पडत नसे. एका इंचाच्या हिशेबांत माणसांचे जीव कसे गुंतलेले असतात, हें ह्या आठवणी वाचल्यावाचून समजत नाहीं.

ह्यावर हेस्केथ-प्रिचर्डनें जे उपाय योजिले, त्यांत बंदुकीपेक्षां डोळ्याला अधिक मान आहे. शत्रूच्या पोलादी ढाली फोडण्यासाठीं त्यानें हत्तीच्या शिकारीच्या जड बंदुका आणविल्या हें खरें. पण त्याचें खरें लक्ष मातीच्या बांधाकडे होतें. इंग्रजांचे बांध सरळ व नीटनेटके, त्यामुळें वर आलेलें डोकें तात्काळ नजरेंत भरे. जर्मनांचे बांध उंचसखल व निरनिराळ्या रंगांच्या पिशव्यांनीं ओबडधोबड रचलेले, त्यांत डोकें कोठें व पिशवी कोठें हें ओळखूं येत नसे. ह्या बाबतींत शिस्तीहून अव्यवस्था बरी, हें कवायतींत मुरलेल्या सेनापतींना पटविणें सोपें नव्हतें.

त्याची सर्वांत नामी युक्ति म्हणजे कागदाच्या लगद्याचीं डोकीं. असें एक रंगविलेलें डोकें काठीवर बसवून, लाकडी खोबणींतून हळूहळू बांधावर चढवावें. प्रसंगीं त्याच्या ओठांत सिगारेट देऊन, खालीं बसलेल्या शिपायानें रबरी नळीनें तिचा धूर ओढावा! शत्रूनें गोळी घातली कीं पुढें एक व मागें एक अशीं दोन भोंकें पडत. मग पेरिस्कोप लावून त्या दोन भोंकांच्या रेषेंत पाहिलें, म्हणजे गोळी जेथून आली ती जागा नेमकी सांपडे.

दुर्बिणीनें पाहणें हें गोळी घालण्याहून अवघड काम, असें तो मानी. एकदां एका टेहळ्याला जर्मन बांधावर काळें, पांढरें व नारिंगी असें एक मांजर दिसलें. असलें मांजर साध्या शिपायाचें असणार नाहीं, जवळच अधिकाऱ्यांचें ठाणें असलें पाहिजे, असा तर्क त्यावरून करण्यांत आला व तोफांचा मारा त्या जागेवर वळविण्यांत आला. बंदुकीची एकही गोळी न उडतां स्नायपरचें काम झालें. मात्र मांजराच्या मागें ठाण्यांत माणसें होतीं, हेंही विसरतां येत नाहीं.

१९१६ सालीं लिंगेम ह्या गांवीं पहिल्या ब्रिटिश सैन्याची स्नायपिंग, टेहळणी व हेरगिरीची शाळा त्यानें उघडली. स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांमागें दुर्बीण घेऊन हिंडलेले लोव्हॅट स्काउट्स ह्या कामीं फार उपयोगी पडले. दोघांची जोडी करावी, एकानें पहावें व दुसऱ्यानें नेम धरावा, आणि डोळा थकण्यापूर्वीं पाळी बदलावी, हा तेथील परिपाठ होता.

ह्या माणसाच्या चरित्रांतील एक गोष्ट मनाला चटका लावते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील करड्या सील प्राण्यांना सोट्यांनीं ठेचून मारण्याचा क्रूर प्रकार थांबावा म्हणून त्यानें खटपट केली होती, आणि त्यांच्या रक्षणाचा कायदा १९१४ सालींच झाला. त्याच वर्षीं युद्धाला तोंड लागलें, आणि मुक्या जनावरांसाठीं झटणाऱ्या ह्या गृहस्थाला पुढें माणसें टिपण्याची विद्या शिकवावी लागली. युद्धांतून तो मानचिन्हें घेऊन परतला, पण प्रकृति ढासळून. आणि १९२२ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

त्याच्या आठवणींत बंदुकांचीं नांवें आहेत, मापें आहेत, गुणदोष आहेत. पण पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात तीं कागदाच्या लगद्याचीं भोंकें पडलेलीं डोकीं. त्यांतल्या प्रत्येक भोंकामागें, त्या दिवसापुरतें तरी, कोणाचें तरी खरें डोकें शाबूत राहिलें होतें.