माउंटन बाइक : चाक व हबची निवड
माउंटन बाइकचे चाक बदलताना आधी हबची रुंदी मोजावी. जुन्या सायकलींत पुढचा हब बहुधा १०० व मागचा १३५ मिमी. असून क्विक रिलीजने आवळतात. बूस्ट हब ११० व १४८ मिमी. असून त्यांना थ्रू-एक्सल लागतो. चिमटा फाकवून रुंद हब बसवणे धोक्याचेच. २६, २७.५, २९ इंच ही मापे ढोबळ. टायरच्या कडेवर ‘५७-५५९’ असे छापलेले असते, त्यातील ५५९ हा रिमचा खरा व्यास. स्वस्त सायकलींत हबच्या आट्यांवर फ्रीव्हील फिरवून बसवतात. तेथे कॅसेट चढत नाही. डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक, हेही जुळावे. उचगावहून पन्हाळा, जोतिबाच्या घाटात नेण्याच्या सायकलीला ३२ स्पोकचे चाक योग्य.